अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज: बदललेले पत्ते, जुने दंड आणि सोलापूरकडचे कागद

सोलापुरात शिकून अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींची एक पिढी आता ग्रीन कार्डाची पाच वर्षं पूर्ण करते आहे. त्यांचे आईवडील इकडे जुळे सोलापुरात, होटगी रोडला, विजापूर रोडला असतात. मुलानं फोनवर ‘सिटिझनशिपचा फॉर्म भरायचाय’ म्हटलं की कपाटातली फाईल बाहेर निघते. मी मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं करते, त्यामुळे ती फाईल बरेचदा माझ्या टेबलावर येते आणि सोबत दोन प्रश्न येतात. पाच वर्षांत चार-पाच घरं बदलली, ते आड येईल का? आणि गाडी जोरात चालवल्याचा एकदा दंड झाला होता, तो सांगायचा का?

घरं बदलल्यानं अर्ज अडत नाही. एखादा साधा ट्रॅफिकचा दंडही सहसा आड येत नाही. अर्ज अडतो तो एक कागद दुसऱ्या कागदाशी जुळला नाही की, किंवा विचारलेली गोष्ट सांगितली नाही की. म्हणून माझा आग्रह असतो की फॉर्म उघडण्याआधी दोन याद्या करा, एक पत्त्यांची आणि एक दंडांची, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचा. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

आधी पात्रता बघून घ्या

अर्जाचा नमुना एन-४००. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झालेली हवीत. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल आणि तीन वर्षं एकत्र संसार असेल, तर तीन वर्षं पुरतात. ही मुदत पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. मोजायचं ते कार्डावर छापलेल्या ‘रेसिडेंट सिन्स’ या तारखेपासून. ती तारीख १२ मे २०२१ असेल तर ११ फेब्रुवारी २०२६ पासून दार उघडतं. मी म्हणेन आणखी चार-आठ दिवस जाऊ द्या. एक दिवस आधी गेलेला अर्जही परत येऊ शकतो.

पाच वर्षांपैकी निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. अर्ज करताना ज्या राज्यात किंवा यूएससीआयएसच्या (नागरिकत्वाचे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याच्या) ज्या जिल्ह्यात राहता तिथं किमान तीन महिने झालेले हवेत. नुकतंच राज्य बदललं असेल तर या तीन महिन्यांमुळे अर्ज थोडा पुढे ढकलावा लागतो. घरं बदलणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

शुल्क ऑनलाईन अर्जाला ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६० डॉलर. उत्पन्न कमी असेल तर ३८० डॉलरची सवलत आहे. हे आकडे एप्रिल २०२४ पासूनचे आहेत, पैसे भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा बघा.

आणखी एक गोष्ट इथंच सांगते, कारण ती शेवटी सांगून उपयोग नाही. अटक झाली असेल, दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा असेल, घरगुती हिंसा, अमली पदार्थ, चोरी यांतलं काही असेल, चुकून मतदान केलं असेल किंवा कुठल्याही फॉर्मवर ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ असं लिहिलं गेलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि अमेरिकेतला इमिग्रेशन वकील गाठा. अशा प्रकरणांत अर्ज नाकारला जाण्यापुरतंच नुकसान होत नाही, ग्रीन कार्डच धोक्यात येऊन हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते. हा सल्ला अमेरिकेतला वकील किंवा तिथल्या न्याय खात्यानं मान्यता दिलेला प्रतिनिधीच देऊ शकतो. इकडे व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाला आईवडिलांनी यासाठी पैसे देऊ नयेत, अशी कळकळीची विनंती.

पत्त्यांची यादी

आपल्याकडच्या फॉर्मवर ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’ असे दोन रकाने असतात. कायमच्या पत्त्यात आपण वडिलांचं घर लिहून मोकळे होतो. एन-४०० मध्ये तसा रकाना नाही. तिथं विचारतात, गेल्या पाच वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष कुठं कुठं राहिलात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. पोस्ट बॉक्स चालत नाही. आणि मधे एका दिवसाचीही फट राहू द्यायची नाही.

समजा, एका मुलाची पाच वर्षं अशी गेली. ऑगस्ट २०२१ अखेरपर्यंत न्यू जर्सीतल्या एडिसनला भाड्याचं घर. मग नोकरी बदलली, टेक्सासला जायचं ठरलं, पण तिथलं घर २० सप्टेंबरला मिळणार होतं. मधले १९ दिवस जर्सी सिटीत मित्राकडे. २० सप्टेंबरपासून अर्व्हिंगला एक अपार्टमेंट. वर्षभरानं त्याच संकुलात दुसऱ्या इमारतीत मोठं घर. जून २०२४ मध्ये फ्रिस्कोला स्वतःचं घर. त्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘तीन पत्ते, एडिसन, अर्व्हिंग, फ्रिस्को.’ खरे पत्ते पाच. मित्राकडचे १९ दिवस त्याच्या मनातून गेले, आणि एकाच संकुलात घर बदललं म्हणजे पत्ता बदलला हे लक्षातच आलं नाही. घराचा क्रमांक बदलला की तो वेगळा पत्ता, वेगळी ओळ, वेगळ्या तारखा.

आठवणीवर विसंबू नका, कागद काढा. भाडेकरार सगळ्यांत भक्कम, कारण त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तो सापडत नसेल तर ईमेलमध्ये वीज कंपनीचं पहिलं आणि शेवटचं बिल शोधा. बँकेची स्टेटमेंटं, पगाराच्या स्लिपा आणि दरवर्षीचा डब्ल्यू-२ (कंपनीनं दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) यांवर पत्ता असतो. क्रेडिट रिपोर्टमध्ये जुने पत्ते ओळीनं मिळतात. आणि मला सगळ्यांत उपयोगी वाटतो तो ऑनलाईन खरेदीचा इतिहास: कोणत्या महिन्यात पार्सल कुठं आलं हे तिथं वर्षानुवर्षं पडून असतं.

यादी झाली की ती तीन गोष्टींशी ताडून बघा.

पहिली, नोकऱ्यांची यादी. एन-४०० मध्ये पाच वर्षांच्या नोकऱ्या आणि शिक्षणही विचारतात. घर टेक्सासला आणि नोकरीचा पत्ता न्यू जर्सीला असेल तर ते घरून काम असू शकतं, पण अधिकारी विचारणार हे धरून चला.

दुसरी, टॅक्स. अर्ध्या वर्षात राज्य बदललं असेल तर त्या वर्षी जुन्या राज्याचं विवरणपत्र ‘वर्षातला काही काळ रहिवासी’ म्हणून भरलेलं असायला हवं. त्यावरची तारीख आणि पत्त्यांच्या यादीतली तारीख एकच हवी. आयआरएस या अमेरिकेच्या कर खात्याच्या संकेतस्थळावरून पाच वर्षांच्या ट्रान्स्क्रिप्ट (भरलेल्या विवरणपत्रांचे उतारे) काढून ठेवा, मुलाखतीला लागतात.

तिसरी, पत्ता बदलल्याची नोंद. ग्रीन कार्डधारकानं घर बदलल्यापासून दहा दिवसांत यूएससीआयएसला कळवायचं असतं. नमुना एआर-११, ऑनलाईन खात्यातून होतं, शुल्क नाही. पोस्टाला पत्ता कळवला म्हणजे हे झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. ती दोन वेगळी कामं आहेत. मागच्या कुठल्या घराच्या वेळी कळवायचं राहून गेलं असेल तर निदान आताचा पत्ता आजच कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा. मुलाखतीत विषय निघाला तर ‘तेव्हा माहीत नव्हतं, कळल्यावर लगेच कळवलं’ हे सरळ सांगता येतं आणि हातात पोच असते. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ताही याच बैठकीत बदलून घ्या.

पत्त्यांच्या यादीला २०२५ पासून थोडं जास्त वजन आलं आहे. अर्जदाराच्या शेजारीपाजारी आणि कामाच्या ठिकाणी चौकशी करायची तरतूद कायद्यात जुनीच आहे, पण १९९१ पासून ती सरसकट बाजूला ठेवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये यूएससीआयएसनं ती सरसकट सूट काढून घेतली. शेजारी, वरिष्ठ, सहकारी यांची पत्रं अर्जासोबत देता येतात, मागितलीही जाऊ शकतात. वारंवार घरं बदललेल्यांनी प्रत्येक ठिकाणच्या ओळखीच्या एखाद्या माणसाचा सध्याचा फोन आणि ईमेल आत्ताच मिळवून ठेवावा.

सोलापूरचे मुक्काम

पाच वर्षांत २४ तासांहून जास्त काळ अमेरिकेबाहेर गेलात ती प्रत्येक फेरी लिहायची. इथं दोन ठिकाणी गल्लत होते.

एक, तारीख कोणती. फॉर्मला हवी ती अमेरिका सोडल्याची आणि अमेरिकेत परतल्याची. आपण पासपोर्टवरचा मुंबईचा किंवा हैदराबादचा शिक्का बघून तारीख लिहितो, आणि ती एक-दोन दिवसांनी सरकलेली असते. डलासहून १४ तारखेला संध्याकाळी निघालेला माणूस मुंबईत १६ तारखेला पहाटे उतरतो. लिहायची १४. परतीला उलटं: मुंबईचा शिक्का आदल्या दिवसाचा असू शकतो, लिहायची ती अमेरिकेत पाय ठेवल्याची तारीख. निघाल्याचा आणि पोहोचल्याचा, दोन्ही दिवस अमेरिकेत हजर म्हणून धरले जातात. विमान तिकिटाचे ईमेल काढा आणि त्यावरून लिहा.

दुसरी गल्लत तारीख लिहिण्याच्या पद्धतीची. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. आपल्याकडे आधी दिवस. ०३/०७ म्हणजे तिकडे ७ मार्च आणि आपल्या घरात ३ जुलै. आईवडील इकडून व्हॉट्सअ‍ॅपवर तारखा पाठवतात तेव्हा महिना अक्षरांत लिहायला सांगा. एवढ्यानं पुष्कळ घोळ टळतो.

वडिलांच्या आजारपणात किंवा आईच्या शस्त्रक्रियेला येऊन मुक्काम लांबला असेल, तर महिने मोजा. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं. ते तुटलं नव्हतं हे तुम्ही दाखवायचं असतं. उपयोगी पडतात ते पुरावे असे: अमेरिकेतली नोकरी सुटली नव्हती, भारतात नोकरी धरली नव्हती, नवरा-बायको-मुलं तिकडेच होती, तिकडचं घर सोडलं नव्हतं. हॉस्पिटलचे कागदही जोडा. एक वर्ष किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर वास्तव्य तुटलंच, आणि मग पुन्हा केव्हा अर्ज करायचा हे वकिलाकडून मोजून घ्या.

तिकडचं भाड्याचं घर सोडून, सामान गोदामात टाकून, सोलापूरच्या घरातून काही महिने ऑनलाईन काम केलं असेल, तर त्या काळापुरता सोलापूरचा पत्ता राहत्या पत्त्यांत लिहावा लागेल. ते लपवण्यासाठी मित्राचा पत्ता टाकू नका. त्या महिन्यांत तुम्ही भारतात होता हे फेऱ्यांच्या यादीत तुम्हीच लिहिलेलं असतं.

दंडांची यादी

आता मुद्द्याचं. फॉर्ममध्ये विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ असा: तुम्हाला आजवर कधीही, अमेरिकेत किंवा इतरत्र, कोणत्याही पोलीस किंवा इमिग्रेशन अधिकाऱ्यानं कोणत्याही कारणासाठी अटक केली आहे का, ताब्यात घेतलं आहे का, किंवा ‘साईट’ केलं आहे का? शेवटच्या शब्दात ट्रॅफिकचं तिकीट येतं. आणि ‘कधीही’ म्हणजे पाच वर्षं नव्हेत, सगळं आयुष्य. कोर्टानं नंतर प्रकरण काढून टाकलं, नोंद सीलबंद केली, वकील म्हणाला ‘आता कुणाला सांगायची गरज नाही’, तरी इथं सांगायचं.

आपल्या सगळ्यांच्या मनात येतं की पन्नास-शंभर डॉलरच्या दंडासाठी ‘हो’ का लिहायचं, उगाच डाग कशाला. माझं मत ठाम आहे: लिहा. बोटांचे ठसे घेतल्यावर पार्श्वभूमीची तपासणी होतेच. खुलासा केलेला साधा दंड अधिकारी दोन मिनिटांत वाचून पुढे जातो. न सांगितलेला दंड समोर आला की प्रश्न दंडाचा राहत नाही, शपथेवर खोटं सांगितल्याचा होतो, आणि नागरिकत्वासाठी बघितल्या जाणाऱ्या चांगल्या चारित्र्याच्या निकषावर तेच सगळ्यांत वाईट.

कागद जोडण्याबाबत फॉर्मसोबतच्या सूचनांमध्ये मोठी सवलत आहे. अटक झाली नसेल, शिक्षा फक्त ५०० डॉलरच्या आतला दंड किंवा लायसन्सवर नोंदले जाणारे नियमभंगाचे पॉइंट एवढीच असेल, दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल आणि कुणाला गंभीर इजा झाली नसेल, तर त्या ट्रॅफिक दंडाचे कागद जोडणं आवश्यक नाही. सवलत कागदांपुरती आहे, सांगण्यापुरती नाही. कोर्टाचा खर्च धरून रक्कम पाचशेच्या आसपास जात असेल तर कागद जोडूनच टाका. आणि काहीही असलं तरी मुलाखतीला फाईलमध्ये प्रत असू द्या.

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक दंडाला एक ओळ करा: तारीख, शहर आणि राज्य, कारण, कोणत्या खात्यानं दिलं, कोर्टात काय निकाल लागला, रक्कम, भरल्याची तारीख, पावती कुठं आहे. वेगमर्यादा, सिग्नल, सीट बेल्ट, गाडीची मुदत संपलेली नोंदणी, हातात फोन, सगळं. पार्किंगच्या पावत्याही या खासगी यादीत घ्या. फॉर्ममध्ये त्या एका ओळीत ‘पार्किंगचे किरकोळ दंड, सर्व भरले’ अशा लिहून टाकाव्यात असं मी सुचवते.

आठवत नसेल तर ज्या ज्या राज्यात लायसन्स होतं त्या प्रत्येक राज्याच्या मोटार वाहन खात्याकडून आपला ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागवा. आत्ताच्या राज्याचा एकच रेकॉर्ड पुरत नाही.

आणि इथंच दोन याद्या शेजारी ठेवायच्या. मघाचा मुलगा घ्या. १० सप्टेंबर २०२१ ला पेनसिल्व्हेनियातून जाताना त्याला वेगाबद्दल तिकीट मिळालं. त्या दिवशी तो मित्राकडे होता, पण लायसन्सवर पत्ता एडिसनचा. आधी त्यानं ते तिकीट सामानाच्या खोक्यात टाकलं, मग टेक्सासला गेला, मग विसरला. कोर्टाच्या नोटिसा एडिसनला गेल्या, तिथं दुसरं कुटुंब राहत होतं. उत्तर न आल्यानं दंड वाढू शकतो, लायसन्स निलंबित होऊ शकतं, काही ठिकाणी हजर न राहिल्याबद्दल वॉरंटही निघतं. साध्या वेगाच्या दंडाचं ओझं असं पत्ता बदलताना वाढतं. म्हणून घर बदलण्याच्या आगेमागे दोन-तीन महिन्यांत मिळालेलं प्रत्येक तिकीट खास तपासा. त्या भागातल्या कोर्टाच्या क्लर्कला फोन करा, नाव, जन्मतारीख आणि लायसन्स क्रमांक सांगा, बाकी असेल ते भरा, आणि प्रकरण बंद झाल्याची कोर्टाची प्रमाणित प्रत मागवा. ही प्रत आल्यावरच अर्ज करा. नोंद जुनी होऊन नष्ट झाली असेल तर तसं कोर्टाचं पत्र मिळतं, तेही चालतं.

राज्याराज्यांत भाषा वेगळी, त्यानं घाबरू नका. टेक्सासमध्ये साधं वेगाचं तिकीटसुद्धा ‘क्लास सी मिसडिमीनर’ असतं, म्हणजे फक्त दंडाचा किरकोळ गुन्हा. पण व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर, किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त वेगानं गेलात तर ते ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ होतं, आणि तो तुरुंगवास होऊ शकेल असा फौजदारी गुन्हा आहे. पावतीवर शेवटी काय लिहिलंय ते शब्दशः वाचा. ‘रेकलेस’ दिसलं तर अर्जाआधी वकिलाला दाखवा.

दंड किती, हेही आता बघितलं जातं. ऑगस्ट २०२५ मधल्या चारित्र्याविषयीच्या सूचनेत यूएससीआयएसनं बेदरकार किंवा सवयीनं केलेल्या वाहतूक नियमभंगांचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. पाच वर्षांत एक-दोन तिकिटं ही सवय म्हणता येणार नाही. सात-आठ असतील तर मात्र अर्ज थोडा थांबवून, दरम्यान नीट गाडी चालवून, वकिलाशी बोलून करावा. त्याच सूचनेत चांगल्या बाजूही तोलायला सांगितल्या आहेत: स्थिर नोकरी, वेळेवर भरलेले टॅक्स, कुटुंबाची जबाबदारी, समाजातलं काम. त्याचे कागद तयार ठेवा.

खुलासा लिहायचा तर चार ओळी पुरतात. ‘१० सप्टेंबर २०२१ रोजी पेनसिल्व्हेनियात मर्यादेपेक्षा जास्त वेगाबद्दल मला तिकीट मिळालं. अटक झाली नाही. त्या काळात घर बदलत असल्यानं नोटीस मला मिळाली नाही. कळल्यावर अमुक तारखेला पूर्ण दंड भरला; कोर्टाची प्रत जोडली आहे.’ बस. पोलीस कसा चुकीचा होता, रस्ता कसा रिकामा होता, हे लिहू नका.

‘इतरत्र’ म्हणजे सोलापूरही

या भागाकडे मुलांचं दुर्लक्ष होतं, आणि आईवडील मदत करू शकतात ते इथंच.

कॉलेजात असताना घेतलेली एमएच-१३ची मोटरसायकल अजून मुलाच्या नावावर असते आणि धाकटा भाऊ ती चालवतो. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, कॅमेऱ्यानं फोटो काढला की ई-चलान मुलाच्या नावानं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा, बाकी असेल ते भरा, पावती पीडीएफमध्ये जपा. मुलगा अमेरिकेत असतानाच्या तारखांचं चलान असेल तर गाडी कोण चालवत होतं हे उघडच आहे. यादीत तसं एका वाक्यात लिहून ठेवा. आणि गाडी आरटीओत भावाच्या नावावर करून घ्या, हे काम पुढं ढकलण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॉलेजच्या दिवसांत मोर्च्यात, आंदोलनात, गणपती मिरवणुकीतल्या बाचाबाचीत पोलिसांनी उचलून नेलं, संध्याकाळी सोडून दिलं. किंवा निवडणुकीच्या आधी ‘चॅप्टर केस’ (शांतता राखण्याची हमी घेणारी प्रतिबंधात्मक कारवाई) झाली, बाँड लिहून दिला. घरात त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही, आणि तो गुन्हा नसेलही. पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली प्रतिबंधात्मक ताब्यात घेणं हे ‘ताब्यात घेतलं’ यात येतं, आणि प्रश्न ‘कधीही, कुठंही’ असा आहे. मुलाला विचारा, स्वतः आठवा. असं असेल तर पोलीस ठाण्यातून किंवा संबंधित कार्यकारी दंडाधिकारी अथवा कोर्टाच्या नक्कल विभागातून प्रमाणित नक्कल काढा. जुन्या नकलेला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या काही महिने आधीच अर्ज टाकून ठेवा. इथंही कागद घेऊन अमेरिकेतल्या वकिलाला एकदा दाखवावं असं मला वाटतं, कारण कलमाचं भाषांतर कसं वाचलं जाईल हे तो सांगू शकतो.

इथून कोणते कागद पाठवायचे, कोणते नाहीत

सगळ्यांत जास्त धावपळ जन्मदाखल्यासाठी होते. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात चकरा, शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर नोटरी. एन-४००ला जन्मदाखला लागत नाही. तो ग्रीन कार्डाच्या वेळीच दिलेला असतो. ही धावपळ थांबवा.

लागतं ते असं: ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, तीन वर्षांच्या नियमानं अर्ज असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आधीची लग्नं मोडल्याचे आदेश आणि जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, ग्रीन कार्डानंतर नाव बदललं असेल तर त्याचा कागद, आणि दंडांचे वर सांगितलेले कागद. जुने पासपोर्ट मात्र आईच्या कपाटातून नक्की बाहेर काढा, फेऱ्यांच्या तारखांसाठी आणि मुलाखतीसाठी ते हवेत.

नावांकडे नीट बघा. आपल्या जुन्या कागदांवर आडनाव आधी, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं. कोर्टाच्या पावतीवर मधलं नाव आडनाव झालेलं. फॉर्ममध्ये आजवर वापरलेली इतर नावं विचारतात, तिथं ही सगळी रूपं लिहा.

मराठी, कन्नड किंवा तेलुगूतला प्रत्येक कागद पूर्ण इंग्रजी भाषांतरासह द्यावा लागतो. शिक्के, समासातली टिपणं, ‘अस्पष्ट’ असलेला भागसुद्धा भाषांतरात यायला हवा. खाली भाषांतरकारानं लिहून द्यायचं की भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, आणि त्याखाली सही, नाव, पत्ता, तारीख. नोटरीची सक्ती नाही.

अर्ज, मुलाखत आणि पुढे

याद्या हातात असल्या की ऑनलाईन फॉर्म एक-दोन बैठकींत होतो. मसुदा फार दिवस अर्धवट ठेवू नका. बरेच दिवस हात लावला नाही तर तो खात्यातून जातो. सबमिट करण्याआधी पीडीएफ उतरवून तारखा घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

पुरुषांनी एक जास्तीची गोष्ट बघावी: १८ ते २६ या वयात ग्रीन कार्डावर अमेरिकेत असाल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (गरज पडल्यास सैन्यभरतीसाठी ठेवलेल्या यादीतली) नोंदणी झालेली हवी.

अर्जानंतर घर बदललं तर पुन्हा दहा दिवसांत पत्ता कळवा, नाहीतर मुलाखतीचं पत्र जुन्या घरी जाईल. राज्य बदललं तर प्रकरण दुसऱ्या कार्यालयात जातं आणि वेळ वाढतो. शक्य असेल तर तेवढे महिने घर बदलू नये.

मुलाखतीत अधिकारी शपथ देऊन फॉर्म ओळीनं वाचतो. अर्जानंतरचा नवा पत्ता, नवी फेरी, नवं तिकीट, सगळं तिथं स्वतःहून सांगायचं. सोबत इंग्रजीची परीक्षा आणि नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा असते. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत प्रश्न विचारतात, १२ बरोबर यावे लागतात.

मुलाखत पास झाली तरी शपथविधीपर्यंत गाडी सांभाळून चालवा. समारंभाच्या दिवशी एन-४४५ या कागदावर पुन्हा विचारतात की मुलाखतीनंतर अटक झाली का, तिकीट मिळालं का, बाहेर प्रवास केला का. तिकीट मिळालं असेल तर तिथं ‘हो’ लिहा आणि भरल्याची पावती घेऊन जा.

शपथ घेतली त्या क्षणी १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. पासपोर्ट रीतसर जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज. ओसीआय हातात येईपर्यंत वेळ जातो, त्यामुळे दिवाळीची किंवा गड्ड्याच्या यात्रेची तिकिटं काढण्याआधी हा हिशेब करा. अडीअडचणीला अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा घेऊन येता येतं. इथल्या मतदार यादीतून नाव कमी करण्याचा अर्ज द्या. आणि बार्शी, मोहोळ, पंढरपूरकडे ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी: ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मात्र मिळू शकते. सातबाऱ्यावर कुणाचं नाव केव्हा लावायचं, कोणता व्यवहार शपथेआधी उरकायचा, हे वडील आणि मुलांनी अर्ज करायच्या महिन्यातच एकत्र बसून ठरवावं, आणि गावच्या तलाठ्याकडून ताजा उतारा काढून त्यावरच बोलावं.